सनदेनंतरची तीन वर्षेही योजनेत धरा : कायद्याच्या शिक्षणाच्या निधीबाबत खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मा. मंत्री, इतर मागास बहुजन कल्याण विभाग,
मा. मंत्री, आदिवासी विकास विभाग,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : वंचित समाजघटकांतील विद्यार्थ्यांना वकिली आणि न्यायसेवेकडे आणणाऱ्या योजनांच्या निधीची फेरमांडणी करण्याबाबत

सन्माननीय मंत्रिमहोदय,

कायद्याच्या शिक्षणासाठी आपल्या विभागांकडे पैसाच नाही, अशी आमची तक्रार नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, शुल्क प्रतिपूर्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, स्वयं आणि आधार या योजना आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देतात. एवढे सगळे असूनही तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये घरातली पहिलीच वकील म्हणून आलेली मुलगी दोन-तीन वर्षांत दिसेनाशी होते. पतसंस्थेत, खासगी कंपनीत, नाहीतर गावी परत.

आम्ही कायदा शिकवतो, कोर्टात उभे राहतो आणि प्रवेशाच्या दिवसांत मुलांच्या फायली तपासतो. आमच्या पाहण्यात दुखणे एकच आहे. सरकारचा पैसा वर्ग चालवण्यावर आणि फी भरण्यावर जातो, आणि मुले गळतात ती सांध्यांवर : बारावी आणि प्रवेश परीक्षा यांच्या मध्ये, निकाल आणि प्रवेश यांच्या मध्ये, पदवी आणि सनद (वकिलीचा परवाना) यांच्या मध्ये, आणि सर्वांत जास्त म्हणजे सनद आणि पहिली खरी कमाई यांच्या मध्ये. या सांध्यांसाठी लेखाशीर्षच, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाचे खातेच, नाही.

याचे परिणाम वर कुठवर जातात ते केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या आकड्यांत दिसते. २०१८ पासून तोवर उच्च न्यायालयांत ६०४ न्यायमूर्ती नेमले गेले. त्यांत खुल्या प्रवर्गातले ४५८, ओबीसी ७२, अल्पसंख्याक ३४, अनुसूचित जातींचे १८ आणि अनुसूचित जमातींचे ९. उरलेल्या १३ जणांची माहिती उपलब्ध नव्हती. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीपदासाठी किमान दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक सेवा लागते, आणि प्रत्यक्षात वकिलांची निवड वीस-पंचवीस वर्षांच्या कामानंतरच होते. आज तालुका कोर्टातला ज्युनिअर टिकला नाही, तर २०५० च्या यादीत त्याचे नाव कुठून येणार?

सुरुवात अकरावीपासून करावी लागेल. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा आता डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि तिचे अर्ज त्याआधीच बंद होतात. विद्यार्थी बारावीत असतानाच, बोर्डाच्या परीक्षेआधी तीन महिने, दार बंद झालेले असते. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत, तिन्ही राज्याच्या कायद्याने उभी राहिली आहेत, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून कनिष्ठ महाविद्यालयात आलेल्या मुलाला त्यांची नावे कळतात ती बारावीच्या निकालानंतर. तेव्हा त्याच्या हाती राज्याची पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटीही उरलेली नसते, कारण तिचे अर्जही निकालाआधीच संपलेले असतात. म्हणून मार्गदर्शन मेळावे मे-जूनमध्ये घेऊन उपयोग नाही. ते अकरावीच्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हायला हवेत, आणि कला शाखेच्या वर्गात आधी. विज्ञान शाखेच्या मुलांना कुणीतरी सांगत असते. कला शाखेला कुणी विचारत नाही.

याच टप्प्यावर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. व्हॅलिडिटीवर दरवर्षी बोलले जाते, पण कायद्याच्या प्रवेशाशी त्याचा संबंध फारसा कुणी जोडत नाही. विज्ञान शाखेच्या महाविद्यालयांत अभियांत्रिकी-वैद्यकीयसाठी व्हॅलिडिटीचे अर्ज अकरावी-बारावीतच भरून घेतले जातात, ती तिथली रीतच झाली आहे. कला आणि वाणिज्य शाखेत ते कुणाच्या ध्यानीमनी नसते. मग सीईटीत चांगले गुण मिळतात, कॅप राऊंड (केंद्रीय प्रवेशाची फेरी) लागतो आणि फाईलमध्ये फक्त जातीचा दाखला असतो. मुदतवाढ कधी मिळते, कधी नाही. जात पडताळणी समितीपुढे जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्या भटक्या कुटुंबाचा आजोबा शाळेत गेलाच नाही आणि ज्याच्या नावे जमिनीचा तुकडा नाही, त्याच्याकडे ना शाळा सोडल्याचा दाखला असतो ना जुना सातबारा. गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, चुलत घराण्यातल्या कुणाचे आधीचे वैधता प्रमाणपत्र, वंशावळीचे शपथपत्र, गृहचौकशी अशा वाटेने जावे लागते आणि त्यात महिने जातात. ऑगस्टमध्ये अर्ज टाकला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निकाल लागण्याची आशा असते. एप्रिलमध्ये टाकला तर वर्ष गेले.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक कागदपत्र साहाय्यक नेमावा. पद नवे नको. समाजकल्याण कार्यालयातल्याच एखाद्या अनुभवी कर्मचाऱ्याला जुलै ते सप्टेंबर हे काम द्यावे. त्याने महाविद्यालयांत जाऊन अकरावीच्या कला-वाणिज्य वर्गांतले व्हॅलिडिटीचे अर्ज भरून घ्यावेत. शपथपत्राचा, नकलांचा आणि प्रवासाचा खर्च योजनेतून मिळावा. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हेही तेव्हाच सांगावे. डिसेंबरच्या परीक्षेसाठी काढलेला दाखला जूनमधल्या प्रवेशाला चालत नाही आणि दरवर्षी कुणीतरी त्यातच अडकते.

आता प्रशिक्षणाकडे. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो आणि सगळे प्रश्न सुमारे ४५० शब्दांपर्यंतच्या इंग्रजी उताऱ्यांवर बेतलेले असतात. म्हणजे दोन तासांत नऊ-दहा हजार शब्द वाचायचे. मिनिटाला १८० शब्दांचा वेग असेल तर वाचनाला पंचावन्न मिनिटे जातात आणि विचाराला तासभर उरतो. मराठी माध्यमातून आलेले मूल सुरुवातीला मनातल्या मनात भाषांतर करत वाचते आणि त्याचा वेग जेमतेम निम्मा असतो. त्याचे वाचनच संपत नाही, मग सामान्यज्ञान पाठ असून काय उपयोग? हा वेग तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सने वाढत नाही. अठरा महिने, रोज एक उतारा, समोर घड्याळ आणि वहीत तारखेसह मिनिटे. या कामाला महागड्या क्लासची निविदा लागत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातला इंग्रजीचा एक शिक्षक, त्याला मानधन आणि उताऱ्यांचा छापील संच एवढे पुरते.

दुसरी चूक क्लॅटच्या लीगल रीझनिंग (कायद्याचा तर्क) या भागात होते, आणि ती हुशार मुलांकडून जास्त होते. उताऱ्यात नियम दिलेला असतो : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकले की आगळीक झाली, नुकसान झालेले असो वा नसो. प्रश्नात मुलगा कुंपण ओलांडून चेंडू आणायला जातो. मूल उत्तर देते, नुकसान झाले नाही म्हणून चूक नाही. ते स्वतःच्या न्यायबुद्धीने उत्तर देते, प्रश्न मात्र दिलेला नियम लावायला सांगत असतो. ही सवय सुटायला चाळीस-पन्नास उतारे तपासून, प्रत्येक चुकीसमोर ‘नियम कुठल्या ओळीत आहे?’ असे विचारणारा माणूस लागतो. दोनशे मुलांच्या हॉलमध्ये ते होत नाही. एका शिक्षकामागे पंचवीसपेक्षा जास्त मुले नसावीत, ही अट करारात हवी.

राज्याच्या सीईटीची तयारी वेगळी धरावी. तिथे गुण वजा होत नाहीत आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. क्लॅटच्या सवयीने मुले तिथेही प्रश्न कोरे सोडतात आणि हातचे गुण घालवतात. दोन्ही परीक्षांचे सराव संच वेगवेगळे, दोन्हींच्या सूचना वेगवेगळ्या, असे स्पष्ट हवे.

प्रशिक्षण संस्थेला पैसे देण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवे. आज बहुतेक ठिकाणी हजेरीवर देयक निघते. बायोमेट्रिकवर अंगठा उमटला की पैसे. त्याऐवजी ६० टक्के रक्कम हजेरीवर, २० टक्के दरमहाच्या वाचनवेगाच्या आणि सराव चाचणीच्या नोंदींवर आणि २० टक्के प्रत्यक्ष प्रवेशानंतर द्यावी. निवडीवरच सगळे पैसे बांधू नका. तसे केले की संस्था आधीच तयार असलेली शहरातली मुले उचलतात आणि योजना ज्यांच्यासाठी होती ती दाराबाहेर राहतात. आणि निविदा जानेवारीतच काढा. ती लांबली की वर्ग ऑक्टोबरात सुरू होतो आणि परीक्षा सहा आठवड्यांवर असते.

परीक्षा झाली, नंबर लागला. आता दुसरा सांधा. क्लॅटचा अर्ज अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला ३,५०० रुपयांना पडतो, ओबीसी विद्यार्थ्याला ४,०००. निकालानंतर समुपदेशनासाठी राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला २०,००० रुपये नोंदणीचे भरावे लागतात, तेही मोजक्या दिवसांत आणि ऑनलाइन. पुढे विद्यापीठाची फी वेगळी, ती वसतिगृहासह वर्षाला काही लाखांच्या घरात जाते. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर, पुढच्या शैक्षणिक वर्षात भरायचा असतो. शिष्यवृत्ती मिळणारच असते, पण आज हातात वीस हजार नसतात. सावकाराकडून, बचत गटातून किंवा कानातले मोडून ते आणले जातात. जमले नाही तर जागा जाते, आणि ती कोणत्याही गळतीच्या आकडेवारीत दिसत नाही, कारण त्या मुलाचा प्रवेशच झालेला नसतो.

यावर उपाय आहे फिरत्या निधीचा. जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे वर्षाला ५ लाखांचा फिरता निधी ठेवा. निवड झालेल्या विद्यार्थ्याची नोंदणी रक्कम कार्यालयाने थेट ऑनलाइन भरावी. ती पुढे फीत जमा झाली तर शिष्यवृत्तीतून वळती करून घ्यावी. पाच लाखांत पंचवीस विद्यार्थ्यांची नोंदणी होते. छत्तीस जिल्ह्यांना मिळून १ कोटी ८० लाख लागतात आणि त्यातला बराचसा पैसा परत येतो. मंजुरी सात दिवसांत, अर्ज एका पानाचा. मंजुरीची फाईल पुण्याला किंवा मुंबईला जाऊन परत येणार असेल, तर हा निधी नसलेलाच बरा.

प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने फार जपण्याचे असतात. अमेरिकेत कौन्सिल ऑन लीगल एज्युकेशन ऑपॉर्च्युनिटी ही संस्था १९६८ मध्ये उभी राहिली ती याच कारणासाठी. कायद्याचे पहिले वर्ष सुरू होण्याआधी सहा आठवड्यांचे निवासी वर्ग, त्यामागे संघराज्य सरकारचा पैसा. आपल्याकडे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘आयडिया’ या उपक्रमाने प्रवेशाआधीचे प्रशिक्षण आणि प्रवेशानंतरची सोबत या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. सोबत तोडली की प्रशिक्षण वाया जाते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडेही प्रवेशानंतर असा सहा आठवड्यांचा पुलवर्ग (ब्रिज कोर्स) हवा. त्यात काय शिकवावे? निकालपत्र कसे वाचायचे : वस्तुस्थिती कुठे संपते, वादाचा मुद्दा कुठे आहे, कोर्टाने कारण काय दिले, आणि कोणता भाग पुढच्या खटल्याला बांधील आहे. बेअर ॲक्टमधले, म्हणजे कायद्याच्या मूळ संहितेतले, परंतुक (अपवादाची अट) आणि स्पष्टीकरण यांतला फरक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण त्याआधीच्या घटनांचे खटले जुन्या भारतीय दंड संहितेखाली चालूच आहेत; म्हणून दोन्ही संच हाताळता यावे लागतात. ग्रंथालयांना जुनी पुस्तके देऊन मोकळे होऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मराठी माध्यमाच्या मुलांना कुणी सांगत नाही. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेपासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. एफआयआर मराठीत, पंचनामा मराठीत, सातबारा-फेरफार मराठीत. फेरफाराच्या नोंदीत ‘वारसा हक्काने’ आणि ‘वाटपाने’ या दोन शब्दांत दाव्याचे भवितव्य असते, आणि ते शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला इंग्रजी शाळेतल्या मुलापेक्षा लवकर समजते. पुलवर्गात इंग्रजी शिकवाच, पण मराठीत दावा, कैफियत आणि जामीन अर्ज लिहिण्याचाही सराव घ्या. ही मुले उणी म्हणून येत नाहीत, हे त्यांना अभ्यासक्रमातून दिसले पाहिजे.

पदवीच्या काळातल्या इंटर्नशिपबद्दल थोडक्यात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती बहुधा विनावेतन असते. ज्याच्या मामाचे घर मुंबईत आहे तो उच्च न्यायालयात करतो, बाकीचे गावाजवळच्या वकिलाकडून सही आणतात. आठवड्याला ३,००० रुपये आणि शासकीय वसतिगृहात सुट्टीतली रिकामी खोली एवढे दिले तरी हा फरक पुष्कळ कमी होईल. सुट्टीत वसतिगृहे बंद करण्याचा नियम या विद्यार्थ्यांपुरता शिथिल करा. खोल्या रिकाम्याच असतात.

पदवी आणि सनद यांच्या मध्येही एक खड्डा आहे. प्रतिपूर्तीची रक्कम शासनाकडून महाविद्यालयाला आली नाही, की काही महाविद्यालये गुणपत्रक आणि दाखला अडवून धरतात. त्यांचेही प्राध्यापकांचे पगार थकलेले असतात, हे खरे. पण सनदेचा अर्ज त्या कागदांवाचून होत नाही आणि मूल वर्ष-वर्ष घरी बसते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची प्रतिपूर्ती रांगेत सर्वांत आधी काढा, एवढा एक आदेश पुरेसा आहे. त्याला एक रुपयाही जादा लागत नाही.

सनदेची फी ही आता मोठी अडचण उरलेली नाही. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात स्पष्ट केले की वकील कायदा, १९६१ च्या कलम २४ मध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलांना घेता येणार नाही : ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. शंभर वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा वकिलीच्या सनदेसाठी त्यांच्याकडे पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले. ती वेळ आज कायद्याने टळली आहे. मात्र सनद हाती आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या तिकिटाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न जसाच्या तसा आहे.

ज्युनिअरचा खर्च मांडून पाहा. काळा कोट, बँड, गाऊन. बेअर ॲक्ट. बार असोसिएशनची वर्गणी. तालुक्याच्या ठिकाणी खोली किंवा रोजचे जाणे-येणे. अखिल भारतीय बार परीक्षेची काही हजारांची फी, आणि ती परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावीच लागते. येणे किती? सिनिअर भला असेल तर पेट्रोलपुरते. अनेक ठिकाणी पहिले वर्ष ‘शिकतोय ना’ या एका वाक्यावर जाते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारस आहे, बंधन नाही. तालुका कोर्टातल्या मध्यम वकिलाची स्वतःची कमाईच इतकी बेभरवशाची असते की त्याच्याकडून हे होणे नाही.

मग ज्युनिअरने संध्याकाळी नोकरी धरावी का? पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्याला ती चालत नाही. एका बाजूने नियमच पगाराची वाट बंद करतो आणि दुसऱ्या बाजूने व्यवसाय काही देत नाही. घरी दोन-चार एकर बागायत असलेला, किंवा वडील वकील असलेला, ही वर्षे काढतो. इतरांची इथेच सुटका होते, म्हणजे व्यवसायातून सुटका.

त्यात २० मे २०२५ चा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशन प्रकरणात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अटीमागचा हेतू आम्हाला मान्य आहे; कोर्ट न पाहिलेला न्यायाधीश कोर्ट चालवताना अडखळतो. पण या अटीने आपल्या योजनांचे गणित बदलले. जेएमएफसीच्या, म्हणजे याच पदाच्या परीक्षेच्या, तयारीवर आपण करत असलेला खर्च आता त्यांनाच उपयोगी पडेल, ज्यांना तीन वर्षे बिनपगारी राहणे परवडले. विद्यावेतन नसेल तर न्यायिक सेवेतल्या राखीव जागांसाठी उमेदवारच कमी पडतील, आणि उद्या कुणीतरी म्हणेल की पात्र मिळत नाहीत.

म्हणून या पत्रातली मुख्य मागणी : पहिल्या पिढीतल्या ज्युनिअर वकिलांना सनदेनंतर ३६ महिने, दरमहा १२,००० रुपये विद्यावेतन. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये लॉ नेस्तम योजनेतून ज्युनिअर वकिलांना तीन वर्षांसाठी दरमहा ५,००० रुपये सुरू केले होते. केरळमध्येही गरीब नवोदित वकिलांसाठी विद्यावेतनाचे नियम आहेत. हा विचार महाराष्ट्राला परका नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कोलंबिया विद्यापीठासाठी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंड दिले ते तीन वर्षांसाठी, आणि राजर्षी शाहूंनी करवीर संस्थानात अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या.

रक्कम तिन्ही वर्षे सारखी ठेवा. पहिल्या वर्षी जास्त आणि पुढे कमी अशी उतरती रचना कागदावर शहाणपणाची वाटते, पण तिसरे वर्ष सर्वांत अवघड असते. जेएमएफसीचा अभ्यास त्याच वर्षी, घरून लग्नाचा तगादा त्याच वर्षी, आणि धाकट्या भावंडाची फीही त्याच वर्षी.

गैरवापर होईल, हा आक्षेप येणारच आणि तो रास्त आहे. कोट चढवून फोटो काढायचा, सिनिअरची सही आणायची आणि घरी बसून पैसे घ्यायचे, असे होऊ शकते. त्यासाठी पडताळणी सिनिअरच्या दाखल्यावर न ठेवता कोर्टाच्या नोंदीवर ठेवा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने किंवा सनद क्रमांकाने प्रकरणे शोधता येतात. अडचण एवढीच की वकीलपत्रावर बहुधा सिनिअरचेच नाव असते आणि ज्युनिअर तारखा घेत फिरतो तो निनावी. म्हणून अट अशी असावी : पहिल्या सहा महिन्यांत किमान पाच आणि वर्षअखेर किमान पंधरा प्रकरणांत संयुक्त वकीलपत्र. दरमहा ज्युनिअरने डायरी भरावी : तारीख, प्रकरण क्रमांक, कोर्ट, काय काम केले. तिमाहीला त्यांतल्या दहा नोंदी कोर्टाच्या रोजनाम्याशी (रोजच्या कामकाजाच्या नोंदीशी) ताडून पाहाव्यात. जेएमएफसीसाठी तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला लागणार आहे, त्यालाही हीच डायरी आधार होईल. एकाच नोंदीत दोन्ही कामे होतात.

पैसे थेट ज्युनिअरच्या खात्यात जावेत. सिनिअरमार्फत दिले की त्यातून खोलीचे भाडे, टायपिंगचा खर्च, काही ना काही कापले जाते. सिनिअरची किमान दहा वर्षांची वकिली असावी आणि एका वेळी त्याच्याकडे दोनपेक्षा जास्त विद्यावेतनधारक नसावेत. आणि ज्युनिअरला एकदा कारण न देता सिनिअर बदलता आला पाहिजे. विशेषतः मुलींसाठी ही तरतूद नसेल तर बाकी सगळी योजना कुचकामी आहे. त्रास होत असतानाही ‘दाखला अडेल’ म्हणून गप्प बसावे लागणे, हे सरकारी पैशाने घडता कामा नये.

बदल्यात काम मागायला आमची हरकत नाही. महिन्यातले चार दिवस तालुका विधी सेवा समितीकडे द्यावेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अर्ज लिहून देणे, तुरुंगभेटीला जाणे, जामीन मिळूनही जामीनदार नसल्याने आत राहिलेल्यांची यादी करणे, अशी कामे या ज्युनिअरांकडून चांगली होतील आणि त्यांचाही हात बसेल. मात्र विद्यावेतन हा त्या कामाचा मोबदला समजून नियमित विधी सेवा वकिलांच्या नेमणुका कमी करू नयेत.

आता खर्च. दरवर्षी ५०० नवे ज्युनिअर घेतले तर पहिल्या वर्षी ५०० जणांचे ७ कोटी २० लाख. दुसऱ्या वर्षी एक हजार जण, १४ कोटी ४० लाख. तिसऱ्या वर्षापासून दीड हजार जण, २१ कोटी ६० लाख, आणि पुढे रक्कम तिथेच स्थिर राहते. एका ज्युनिअरवर तीन वर्षांत ४ लाख ३२ हजार. त्याच्या पाच वर्षांच्या फीवर आणि निर्वाहभत्त्यावर सरकारने आधीच खर्च केलेला असतो. ही शेवटची रक्कम थांबली तर तो खर्चही पाण्यात जातो.

५०० जागांची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवर्गनिहाय व्हावी, निम्म्या जागा मुलींना असाव्यात, अपंग आणि तृतीयपंथी उमेदवारांसाठी जागा राखीव असाव्यात. कुटुंबात आधी कुणी वकील वा न्यायाधीश नाही, ही अट सर्वांना सारखी असावी. एक गोष्ट टाळा : चार संस्थांच्या चार योजना, चार संकेतस्थळे आणि चार वेगळ्या तारखा. अर्ज एकच ठेवा, खर्चाची विभागणी मागे विभागांनी आपसात करावी. आणि निम्म्या जागा तालुका कोर्टांसाठी बांधून ठेवा, नाहीतर सगळे विद्यावेतन मुंबई-पुण्यातच खर्च होईल.

टॅबलेट वाटप, नव्या इमारती, उद्घाटनाचे मेळावे यांची मागणी आम्ही करत नाही. निधी अपुरा असेल तर प्रशिक्षणाच्या जागा पंचवीस टक्क्यांनी कमी करा आणि ते पैसे फिरत्या निधीला व विद्यावेतनाला द्या. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, कारण त्या जागांवरही आमचीच मुले बसतात. पण शंभर मुलांना दारापर्यंत नेऊन नव्वद परत पाठवण्यापेक्षा पंचाहत्तर नेऊन पन्नास आत राहिलेली आम्हाला चालतील.

आपल्याकडून आम्हाला पुढील तारखा हव्या आहेत. मार्चच्या अर्थसंकल्पात विद्यावेतन आणि फिरता निधी यांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष. ३० एप्रिलपर्यंत शासन निर्णय. मे महिन्यात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या थकीत प्रतिपूर्तीचा निपटारा. जुलैमध्ये अकरावीच्या कला-वाणिज्य वर्गांत व्हॅलिडिटीचे अर्ज आणि वाचनवर्ग सुरू. सप्टेंबरपर्यंत विद्यावेतनाची पहिली यादी जाहीर, आणि १ ऑक्टोबरला पहिला हप्ता खात्यात.

योजनेच्या मसुद्यासाठी, डायरीच्या नमुन्यासाठी आणि वाचनवर्गाच्या उताऱ्यांसाठी लागेल ते काम आम्ही विनामोबदला करून देऊ. बैठकीची वेळ कळवावी.

आपले,
कायद्याचे शिक्षक, जिल्हा व तालुका न्यायालयांतील वकील आणि प्रवेश मार्गदर्शक